तिलाच विचारा

"आधी मोटर बंद करा," अण्णा म्हणाले.

गिरणीच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. अजून नमस्कार झाला नव्हता, कोण कुठले हे सांगून झालं नव्हतं. नरदेकर सरांनी माहितीपत्रकांचा गठ्ठा हसऱ्या चेहऱ्यानं नुकता पुढे केला होता, तेवढ्यात अण्णा हे वाक्य बोलले. आतल्या बाईंनी पिठानं पांढरी झालेली भुवई वर केली.

"का ओ? अर्धं दळण हाय आत."

"असू दे. बंद करा. जळेल ती."

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या मागून माझ्याच वयाची एक मुलगी पुढे आली. ओढणी कमरेला खोचलेली, केसांवर पिठाचा थर. तिनं अण्णांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला.

"आता परत सुरू कर," अण्णा तिला म्हणाले.

तिनं केली. मोटर नुसती घुमली. चाक तसूभरही हललं नाही.

"बस्स. बंद कर." अण्णांनी खिशातला टेस्टर काढला, पाटावर चढून पेटीतले फ्यूज एकेक करून बाहेर ओढले आणि मधला फ्यूज बाईंसमोर धरला. त्यातली तार वितळून गेली होती. "तीनपैकी एक फेज गेलाय तुमचा. दोनवर ओढत होती बिचारी."

"आन तुमाला दारातनं कळलं?"

"आवाज जड येत होता."

नवी तार भरली. मोटर एका दमात फिरली आणि तिचा सूर खरोखरच हलका झाला, तो मलाही कळला. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाहुणचाराचं हसू आलं. पण त्या मुलीचं समाधान झालेलं नव्हतं.

"सर, मघाशीबी दोनच फेज होते. तरी फिरत होती की. मग एकदा बंद केल्यावर का फिरंना?"

अण्णा पाटावरून उतरता उतरता थांबले. त्यांची ती नजर मी ओळखत होते. स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसले असताना मी काही विचारलं की ते माझ्याकडे असं बघत.

"याचं उत्तर आमच्या कॉलेजात मिळेल!" नरदेकर सर म्हणाले, आणि सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिला उत्तर हवं होतं.

*

अण्णा म्हणजे माझे वडील, प्राध्यापक आदगोंडा मगदूम, जयसिंगपूरजवळच्या माळावर उभ्या राहिलेल्या एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रिकलचे विभागप्रमुख होते. कॉलेज निघालं तेव्हा माळावर कुसळांशिवाय काही नव्हतं. यंत्रांची प्रयोगशाळा त्यांनी स्वतः मांडली. साखर कारखान्यांतून मोडीत निघालेल्या मोटरी आणून, त्या उघडून, त्यांच्या तारा पुन्हा गुंडाळून. पण माझी बारावी झाली त्या सुमारास गावोगावी कॉलेजं झाली होती आणि जागा जास्त, मुलं कमी अशी अवस्था आली होती. म्हणून दर जूनमध्ये प्राध्यापकांनी गाडीत बसायचं आणि बारावी झालेल्या मुलांची घरं शोधत हिंडायचं, अशी पद्धत पडली होती. वर्षभर विद्युतचुंबकत्व शिकवणारी माणसं दारोदार जाऊन चहा पीत आणि "आमच्याकडे वसतिगृहाची उत्तम सोय आहे" असं सांगत. त्या वर्षी तर इलेक्ट्रिकलच्या निम्म्या जागा भरल्या नाहीत तर तो विभागच बंद करायचा, असं संस्थेनं ठरवून टाकलं होतं. विभाग बंद म्हणजे अण्णांची प्रयोगशाळा बंद. अण्णांचं काय, हे कोणी बोलत नव्हतं.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मला इलेक्ट्रिकलच हवं होतं. त्यात दुमत नव्हतं. प्रवेशफेरीत मला पुण्यातलं जुनं, नावाजलेलं कॉलेज मिळालं. पण शाखा मिळाली धातुशास्त्राची. पहिलं वर्ष संपल्यावर इलेक्ट्रिकलची एखादी जागा रिकामी झाली आणि गुण पुरेसे असले, तर शाखा बदलून मिळे. जागा रिकामी होईलच असं मात्र कोणी सांगू शकत नव्हतं. दुसरी वाट अण्णांच्या कॉलेजची. तिथे इलेक्ट्रिकल पहिल्या दिवसापासून माझं.

संस्थेचे सचिव खाडेसाहेब यांनी अण्णांना बोलावून सांगितलं, "मगदूम सर, या वेळी गाडीत मुलीलाही घ्या. स्वतःची पोरगी इथं घालतोय म्हटलं की लोकांना दुसरं काही सांगावं लागत नाही."

अण्णांनी हे जसंच्या तसं घरी सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली.

"मग सांगितलं काय तुम्ही?"

"काही नाही सांगितलं. हिचं ठरू दे आधी."

"त्यात काय ठरायचंय?" मी म्हणाले. "इथंच घेते की. इलेक्ट्रिकल तर नक्की मिळतंय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "पुण्याची मुदत सोमवारपर्यंत आहे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा मी आपण होऊन तिच्यात बसले.

*

तर गिरणीवाल्या शालनताई. कृष्णेकाठच्या त्या गावात त्यांची गिरणी होती. नवरा ट्रकवर असे, महिन्यातून दोनदा घरी. मुलगी वृषाली बारावी झालेली. फ्यूजच्या प्रकरणानंतर आम्हांला आत बसवण्यात आलं, चहा आला, शेंगदाण्याच्या लाडवांची ताटली आली. नरदेकर सरांनी पत्रकं उघडून बोलायला सुरुवात केली. ते अण्णांच्याच विभागातले तरुण अधिव्याख्याते. लग्नाला वर्ष झालेलं, घरी बाळ येणार होतं. विभाग बुडाला तर पहिला घाव त्यांच्यावर. हे मला तेव्हा ठाऊक होतं, म्हणून त्यांचं लाघवी बोलणं मला खटकत नव्हतं.

शालनताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं कप पुसत म्हणाल्या, "कोल्हापूरकडच्या कॉलेजची माणसंबी येऊन गेली. ते म्हणत्यात, आत्ता सिव्हिल घ्या, पुढच्या साली इलेक्ट्रिकल करून देतो."

"देतो म्हणतात, पण..." नरदेकर सर म्हणाले.

"थांबा. मला एवढंच सांगा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही कोण?"

"ही सरांची मुलगी. सन्मती. बारावीला तालुक्यात दुसरी!"

"आन ही कुठं जाणार शिकायला?"

बाहेर दळण टाकायला आलेल्या बाया खिडकीशी थांबल्या होत्या, त्याही ऐकत होत्या.

"इथंच की!" नरदेकर सर हसून म्हणाले. "म्हणून तर बरोबर आणलीय. आमच्याच विभागात. सर स्वतःच्या मुलीला कुठं टाकतील ते तुम्हीच बघा."

शालनताईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या हातात लाडू होता. त्यांनी तो खाल्ला नाही, खाली ठेवलाही नाही. काही बोललेही नाहीत.

"झालं मग," शालनताई म्हणाल्या. "ज्यानं दारातनं मोटरचं दुखणं वळाखलं, त्यो आपल्या पोरीला वाईट जागी घालंल व्हय? वृषे, कागदं काढून ठेव. सोमवारी जायाचं."

परतीच्या वाटेवर नरदेकर सर भारीच खुशीत होते. "सर, तुम्ही ना, काही बोलूच नका. नुसते दारात उभे राहा आणि मोटर बंद करा म्हणा. सगळा तालुका भरतो की नाही बघा!" चालकही हसला. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते आणि खिडकीतून उसाकडे बघत होते. पुढच्या गावात त्यांनी गाडीतून उतरायचं टाळलं. डोकं दुखतंय म्हणाले. अण्णांचं डोकं दुखल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. आम्ही जैन, आमच्याकडे तशीच रीत. पानावरून उठताना आईनं विचारलं, "मग पुण्याला नाही कळवायचं काही?"

"नाही म्हणून कळवायची गरज नसते," मी म्हणाले. "गेलं नाही की आपोआप जाते जागा."

"तुला नक्की इथंच यायचंय?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"का?"

"इलेक्ट्रिकल मिळतंय म्हणून. आणि..." मला वाटलं, त्यांना आवडेल. "आणि तुमच्यासारखं यंत्र शिकवणारं तिथं कोण आहे?"

अण्णांनी मान हलवली. त्यांना आवडलं की नाही, ते कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी अण्णांनी स्कूटर बाहेर काढली आणि म्हणाले, "चल, जरा जाऊन येऊ."

"कुठं?"

"गिरणीत."

"काय राहिलं तिथं? टेस्टर?"

टेस्टर त्यांच्या खिशातच होता. मी मागे बसले. रविवार असल्यामुळे गिरणीला सुट्टी होती आणि शालनताई ओट्यावर बसून चाळण्या झाडत होत्या. आम्हांला बघून त्या उठल्या.

"काय ओ सर? परत बिघडली म्हणून स्वप्न पडलं का काय?"

"नाही. मोटर चांगली आहे. मी एक सांगायला आलोय."

"बसा तर. च्या टाकते. दिवस बुडायच्या आत प्या, तुमचं मला ठाव हाय. आमच्या शेजारी हैतच की तुमचे लोक."

"आधी ऐका." अण्णा बसले नाहीत. "काल आमच्या नरदेकर सरांनी सांगितलं ना, की ही आमच्याकडे शिकणार आहे. ते खरं नाही. म्हणजे, तसं ठरलेलं नाही. हिला पुण्याला जागा मिळालीय. तिथं जायचं की इथं, हे अजून ठरायचंय. मी काल गप्प बसलो. तुम्ही त्यावरून मुलीचं ठरवलंत. म्हणून आलो."

शालनताईंच्या हातातली चाळण तशीच राहिली. आतून वृषाली बाहेर आली होती, तिनंही ऐकलं. मला त्या वेळी अण्णांचा राग आला. निम्म्या जागांचा हिशेब मला ठाऊक होता. आणि नक्की झालेली एक मुलगी ते आपल्या हातानं परत देऊन टाकत होते. तेही मी इथंच येणार असं चक्क सांगितलेलं असताना.

"म्हंजे काल सगळी थाप?" शालनताई म्हणाल्या.

"सगळी नाही. प्रयोगशाळेचं सांगितलं ते खरं. वसतिगृहाचं..." अण्णा थोडं अडखळले. "वसतिगृहात पाण्याची अडचण आहे. मार्चनंतर टँकर लागतो."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. शालनताईंना मात्र आलं नाही.

"बरं. मग आता तुमीच सांगा. माझी पोरगी कुठं घालू?"

"हिचे गुण किती आहेत ते मी पाहिलं. पुण्याचं कॉलेज हिला मिळणार नाही. मिळत असतं तर तिकडेच पाठवा म्हटलं असतं. राहिलं आमचं आणि ते कोल्हापूरकडचं. नोकरीसाठी कंपन्या दोन्हीकडे सारख्याच येतात. म्हणजे फारशा येत नाहीत. तिकडची इमारत मोठी आहे. पण सिव्हिल घ्या, मग इलेक्ट्रिकल करून देतो, असं कोणालाही म्हणता येत नाही. जागा रिकामी झाली तर मिळते. नाही झाली तर चार वर्षं सिव्हिल. आमच्याकडे इलेक्ट्रिकल आजपासून आहे आणि यंत्रांना हात लावायला मिळतो. मात्र आमचा विभाग पुढे किती वर्षं चालेल, हे मला माहीत नाही. हिनं प्रवेश घेतला तर हिची चार वर्षं पूर्ण होईपर्यंत तो बंद करता येत नाही, एवढं नक्की."

शालनताईंनी डोळे बारीक केले. पुढे मी पुष्कळ मुलाखती दिल्या, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नाही.

"म्हंजे, जी वाट माझ्या पोरीला नगं म्हणताय, त्याच वाटंनं तुमची पोरगी चाललीय? दुसरंच काहीतरी घ्यायचं आन पुढं इलेक्ट्रिकल मिळंल म्हणून बसायचं?"

"हो. तीच वाट आहे," अण्णा म्हणाले. "फरक एवढाच, की हिला कोणी वचन दिलेलं नाही. आणि ते कॉलेज असं आहे, की इलेक्ट्रिकल नाही मिळालं तरी जे मिळेल ते चांगलं शिकवतील."

"आन हिला काय पायजे?"

"तिलाच विचारा," अण्णा म्हणाले. "तुम्हीच विचारा. मी विचारलं की ती मला बरं वाटेल ते सांगते."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दारालगतच्या मोटरच्या पट्ट्याला त्यांनी हात लावला होता आणि तो किती सैल आहे ते बोटांनी बघत होते. टेस्टरसाठी नाही, माफीसाठीही नाही, निदान तेवढ्यासाठीच नाही. आम्ही इतक्या दूर का आलो होतो, ते मला त्या क्षणी कळलं.

शालनताईंनी चाळण बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाला गव्हाचा गरम वास येत होता.

"सांग गं बाई. बापाकडं बघू नगंस. तुझं तू सांग. इथं पायजे ते मिळतंय. तिथं मिळंल का न्हाई, देवाला ठाव. कुठं जायाचंय तुला?"

घरी हे वाक्य माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं. तिथे आई होती, भाकऱ्या होत्या, भिंतीवर अण्णांचा प्रयोगशाळेच्या उद्घाटनाचा फोटो होता. इथे एक परकी बाई होती, तिला माझ्याकडून काही नको होतं, आणि तिच्या मुलीचं माझ्यासारखंच अडलेलं होतं.

"पुण्याला," मी म्हणाले.

"का?"

"मला... मला बघायचंय, तिथं मी टिकते का. इथं मी सरांची मुलगी म्हणून राहीन. कोणी मला चूक म्हणणार नाही." मी वृषालीकडे पाहिलं. "आणि इलेक्ट्रिकल नाही मिळालं, तर नाही मिळालं."

"आगं बाई," शालनताई म्हणाल्या. "बापाच्या तोंडावर सांगितलंस की."

अण्णा अजून पट्ट्याशीच उभे होते. त्यांनी टेस्टर खिशातून काढला, पुन्हा खिशात लावला. मग म्हणाले, "पट्टा दोन बोटं आवळायला हवा, ताई. पाना आहे का?"

वृषालीनं पाना आणून दिला. दोघांनी मिळून मोटर सरकवली आणि पट्टा आवळला. ती बोल्ट धरत होती, ते फिरवत होते. मग ती म्हणाली, "सर, कालचं उत्तर?"

"हां." अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "तुमच्या घरी जातं आहे का?"

"आजीचं हाय, माळ्यावर."

"जात्याचा खुंटा धरून तू नुसता पुढं ढकललास, मागं ओढलास, पुढं ढकललास, मागं ओढलास, सरळ एका रेषेत. तर जातं फिरेल का?"

"न्हाई. डुगडुगंल जागच्या जागी."

"बरोबर. एक फेज गेला की राहिलेली वीज अशीच पुढं-मागं ढकलते. नुसती घुमते. पण जातं कोणीतरी आधीच गोल फिरवून ठेवलेलं असेल, तर?"

वृषालीनं हवेतच खुंटा धरला आणि हात गोल फिरवून बघितला. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत राहिलो.

"तर नुसतं पुढं-मागं केलं तरी फिरत राहंल," ती सावकाश म्हणाली. "जिकडं फिरत होतं तिकडंच."

"बस्स," अण्णा म्हणाले. "पण जोर कमी पडतो, म्हणून तापते. हे दुसऱ्या वर्षाला शिकवतो मी. तू आधीच विचारलंस."

शालनताईंनी मग खरोखरच चहा टाकला. दिवस बुडायला अजून अवकाश होता. निघताना त्या म्हणाल्या, "सर, उद्या मी येते प्रयोगशाळा बघायला. बघून ठरवते. आन तो टँकरबी बघते."

स्कूटर गावाबाहेर आली तेव्हा अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी सातची गाडी आहे पुण्याला. आईला सांग, डबा करायला." मी बरं म्हणाले. रस्त्यात खड्डे होते म्हणून मी त्यांचा खांदा धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

*

ती सातची गाडी मी पकडली आणि शेवटच्या दिवशी धातुशास्त्राला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी मी जीव तोडून अभ्यास केला. जागा रिकामी झाली नाही. कोणीच इलेक्ट्रिकल सोडून गेलं नाही. दुसऱ्या वर्षाचं धातुशास्त्राचं पुस्तक मी रडत विकत घेतलं. ते रडणं किती दिवस टिकलं हे मला आठवत नाही. कारण त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पोलादातले कण पाहिले, आणि मग पुढचं सगळं वेगळंच झालं.

संस्थेनं अण्णांकडून विभागप्रमुखपद त्या वर्षाअखेर काढून घेतलं आणि नरदेकर सरांना दिलं. कारण कागदावर काही दिलं नव्हतं. अण्णा फोनवर म्हणाले, "बरं झालं. आता बैठकांना जावं लागत नाही." नरदेकर सरांशी त्यांचं बोलणं-चालणं शेवटपर्यंत पूर्वीसारखंच राहिलं. त्यांच्या बाळाच्या बारशालाही अण्णा गेले होते. आणि पुढच्या प्रत्येक जूनमध्ये ते गाडीत बसून गावोगावी जात राहिले. लोक हटकून विचारत, "सर, तुमची मुलगी कुठं आहे?" हे मला नरदेकर सरांनीच पुढे सांगितलं. "दर घरी, सन्मती. दर घरी ते सांगायचे, पुण्याला, धातुशास्त्राला. मी कपाळाला हात लावायचो. आणि त्यातली निम्मी माणसं तरीही यायची."

विभाग त्यानंतर काही वर्षं चालला आणि मग बंद झाला. शेवटच्या तुकडीचं शेवटचं प्रात्यक्षिक होईपर्यंत अण्णांनी एकही तास चुकवला नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजात समारंभ झाला नाही. घरीच थोडी माणसं जमली. शालनताई ज्वारीच्या पिठाची गोणी घेऊन एसटीनं आल्या. वृषाली वीजवितरणमध्ये उपकेंद्रावर अभियंता झाली होती. तिची पाळी होती म्हणून ती येऊ शकली नाही. तिनं अण्णांना फोन केला आणि दोघं अर्धा तास कुठल्याशा रोहित्राच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, आवाजाविषयी बोलत बसले. मी मोटरच्या गाभ्यात बसणाऱ्या पोलादी पत्र्यांवर काम करते. त्यातला एक पातळ पत्रा मी अण्णांना दाखवायला आणला होता. तो ते सकाळपासून हातात घेऊन वाकवून, उजेडात धरून बघत होते आणि मला एकामागून एक प्रश्न विचारत होते.

शालनताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. आता त्यांच्या भुवयांवर पीठ नव्हतं, त्या तशाच पांढऱ्या झाल्या होत्या.

"मग? मिळालं का गं तुला ते इलेक्ट्रिकल?"

"नाही मिळालं. जागाच निघाली नाही."

"म्हंजे इथं मिळत हुतं ते सोडलंस. आन तिथंबी मिळालं न्हाई."

"हो."

त्यांनी अण्णांकडे तोंड वळवलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, गिरणीच्या सवयीचा. "काय ओ सर? पोरीला तिकडं जाऊ दिलंत, ते बरं केलं का चुकलं तुमचं? आता तरी खरं सांगा."

अण्णांनी पत्रा डोळ्यांसमोरून खाली घेतला.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "तिलाच विचारा."

शालनताई माझ्याकडे वळल्या. अण्णांकडे न बघता मी सांगायला सुरुवात केली.